कान वर, शेपूट खाली

फोन सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला. खापरखेड्याहून प्रज्ञा बोलत होती. "काका, आई गेली. पहाटे, झोपेतच." तिच्या मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मग ती म्हणाली, "काल जेवताना तुमचं नाव काढलं होतं तिनं. म्हणे, पत्रकाराले विचार, पाटी बदलली का." पाटी बदलली नव्हती. हे मला ठाऊक होतं, प्रज्ञाला ठाऊक होतं, आणि विचारणाऱ्या बाईला आम्हा दोघांपेक्षा जास्त ठाऊक होतं. अनसूयाबाई सहारे अठरा वर्षं हा एकच प्रश्न विचारत होत्या. उत्तर माहीत असूनही विचारायचा, म्हणजे उत्तर देणाऱ्याला दर वेळी स्वतःच्या तोंडाने "नाही" म्हणावं लागतं, अशी त्यांची पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी निधनवार्तांच्या रकान्यात चार ओळी आल्या. नाव, वय एकोणऐंशी, वीज केंद्रातील निवृत्त फिटरच्या पत्नी, मागे मुलगी, जावई, नातवंडं. त्यात चूक काहीच नव्हती. अशा ओळी मी चाळीस वर्षं लिहिल्या आणि तपासल्या आहेत. मात्र बाई काय करत होत्या, ते त्या ओळींत नव्हतं. त्या गालिचे करत. जुन्या कपड्यांच्या पट्ट्यांचे, पोत्याच्या बारदान्यावर, लोखंडी आकड्याने ओढलेले. आणि त्या एका पाटीशी भांडत. हे भांडण माझ्या एका वाक्यामुळे माझ्यापर्यंत आलं होतं, म्हणून इथे सुरुवात त्या वाक्यापासून करतो.

अठरा वर्षांपूर्वी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात एका न्यासाने कायमचं दालन उघडलं. बंगल्यात एके काळी मिशनच्या शाळेच्या मुख्याध्यापिका राहत. आजूबाजूचे लोक त्यांना मेमसाहेब म्हणत. त्या मायदेशी परतल्या, सामान राहिलं. पियानो, चिनीमातीची भांडी, टोप्या ठेवायच्या पेट्या, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेला एक गालिचा. पाच फूट लांब, तीन फूट रुंद. करड्या पाण्यावर एक जहाज, त्याला पांढरं शीड, पाण्यात इथे-तिथे हिरवी पानं. खाली पितळी पाटी होती: 'मेमसाहेबांनी स्वहस्ते केलेला गालिचा.' मी तेव्हा रविवारची पुरवणी पाहत असे. मी पानभर लेख लिहिला, मोठं छायाचित्र दिलं. त्या लेखात असं वाक्य होतं: 'मायदेशापासून हजारो मैलांवर बसून या बाईने आठवणीतला समुद्र चिंध्यांतून उभा केला.' वाक्य मला आवडलं होतं. न्यासाने वाटलेल्या पत्रकाखेरीज त्याला कसलाही आधार नव्हता.

दोन दिवसांनी दुपारी कार्यालयात एक बाई आल्या. ठेंगण्या, सुती लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, काखेत पोत्याची गुंडाळी. त्यांनी कुणाचीही परवानगी घेतली नाही. टेबलांमधून वाट काढत त्या विचारत आल्या, "जहाजाचा लेख कोणं लिहिला?"

मी हात वर केला.

"गालिचा उलटा करून पाह्यला का तुम्ही?"

"नाही. तो भिंतीवर टांगलेला आहे."

"म्हणूनच टांगला हाय," त्या म्हणाल्या. माझ्या टेबलावरचे चहाचे कप त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि गुंडाळी उलगडून गालिचा पालथा घातला. पाठीवर ओळींच्या शेवटी कापडाची बारीक टोकं लोंबत होती. शेकड्याने असतील. "हे शेपटं. कान वर, शेपूट खाली. हे माह्या आईचं काम हाय. तुमच्या मेमच्या गालिच्याले असेच शेपटं निघाले, तर तुम्ही काय करसान?"

मी म्हणालो, तर दुरुस्ती छापू. त्या खुर्चीवर बसल्या. "मग लिहून घ्या," त्या म्हणाल्या, आणि मी लिहून घेतलं.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. त्यांची आई गिरजाबाई सोमकुवर त्या बंगल्यात झाडलोट करी. मेमसाहेबांना गालिच्याचा शौक होता. मायदेशी त्यांच्या घरच्या बायका धान्याच्या पोत्यावर जुन्या कपड्यांच्या पट्ट्या ओढून असे गालिचे करत. इथे आल्यावर त्यांनी चौकट करून घेतली, एक कोपरा केला, आणि मग त्यांचे डोळे दुखू लागले. गिरजाबाईंना चार दिवस शिकवलं. पुढचं सगळं गिरजाबाईंनी केलं, तेही झाडलोटीचं काम सांभाळून. पद्धत सोपी आहे. पोतं चौकटीवर ताणून बसवायचं. कापडाची अर्ध्या बोटाएवढी रुंद पट्टी खालून डाव्या हातात धरायची. वरून आकडा विणीच्या भोकात घालायचा, पट्टी पकडायची आणि वर ओढायची. वर येतो तो छोटा वळसा म्हणजे कान. मग शेजारच्या भोकातून पुढचा. पट्टी संपली की उरतं ते टोक म्हणजे शेपूट. मेमसाहेबांची शिकवण अशी की शेपूटही वर ओढायचं आणि कानांच्या बरोबरीने कातरून टाकायचं, म्हणजे पाठ साफ राहते. गिरजाबाईंना कातरणं मान्य नव्हतं.

"आई म्हणे, कापड का झाडाले लागते का? कातरून फेकाले?" अनसूयाबाई सांगत होत्या. "पण वर दिसलं, तर मेम लगेच कैची घेऊन ये. मग आईनं शेपूट खालीच ठेवलं. मेम पुढून पाहे, म्हणे व्हेरी गुड. उलटा करून कधी पाह्यलाच नाही तिनं. तुमच्यासारखंच."

या टोमण्यावर शेजारच्या टेबलावरचा उपसंपादक हसला. बाईंनी त्याच्याकडेही पाहिलं. "तू काहून हसून राहिला गा? छापलं तर तुह्याच पेपरनं ना?"

त्याच आठवड्यात आम्ही दोघं न्यासाच्या सचिवांना भेटलो. सभ्य, निवृत्त अधिकारी होते. त्यांनी चहा मागवला, हकीकत ऐकली, आणि पुरावा विचारला. पुरावा भिंतीकडे तोंड करून आहे, असं बाई म्हणाल्या. बऱ्याच चर्चेनंतर दोन माणसांनी गालिचा उतरवला आणि फरशीवर पालथा ठेवला. पाठीवर पहिल्यांदा दिसला तो रंग. समोरून करडं वाटणारं पाणी मागून गर्द निळं होतं. अनसूयाबाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी चष्मा काढला, नाक कापडाजवळ नेलं, तळहात सावकाश फिरवला. "पोटाले ऊन लागते, पाठीले रंग राहते," त्या म्हणाल्या. "जुना गालिचा नेहमी पाठीवर वाचाचा." मग एका ओळीच्या टोकाशी त्यांनी बोट टेकवलं. शेपूट होतं. पुढच्या ओळीला होतं, त्याच्या पुढच्या ओळीलाही होतं. फक्त एका कोपऱ्यात, समोरून डावीकडे वर येईल त्या वीतभर जागेत, पाठ साफ होती. "एवढं मेमचं. हे घ्या, पाटीवर लिहा."

सचिव म्हणाले, "हा दोष आहे, बाई. त्या शिकत असतानाचं काम असावं."

"शिकवणारीच शिकत होती का?"

सचिवांनी विषय बदलला. शैली युरोपीय आहे, जहाज युरोपीय आहे, नागपूरच्या झाडलोट करणाऱ्या बाईने जहाज कुठे पाहिलं असणार, असं ते म्हणाले. अनसूयाबाईंनी गालिचा सुलटा करायला लावला आणि पाण्यातल्या हिरव्या पानांकडे बोट दाखवलं. सचिव म्हणाले, ती नक्षी आहे. बाई म्हणाल्या, "शिंगाडा हाय तो. समुद्रात शिंगाडा उगवते का? जहाज मेमनं खडूनं काढून देल्लं. पाणी काढलं नाही, नुसतं सांगितलं, लई मोठं पाणी. आईनं समुद्र कुठं पाह्यला होता? तिचं मोठं पाणी म्हणजे तलाव. अन् तलाव म्हटला का शिंगाडा आलाच. तुमच्या मेमनं केला असता, तर मासा केला असता."

मला माझं वाक्य आठवलं. आठवणीतला समुद्र. तो समुद्र नव्हताच. आपल्या शहराबाहेरच्या कुठल्याही तळ्यात दिसतात तशी पसरलेली चौकोनी पानं मी डोळ्यांनी पाहिली होती आणि पत्रकात समुद्र लिहिलं होतं म्हणून समुद्र लिहिला होता.

सचिवांनी तडजोड सुचवली. पाटीवर 'मेमसाहेब व त्यांची मदतनीस' असं घालू, आणि एका छोट्या कार्यक्रमात बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. अनसूयाबाई उठल्या. "मदत कोणं कोणाले केली? चिंध्या मेमनं देल्ल्या, पोतं मेमनं देल्लं. मदतनीस मेम झाली. अन् शाल मले नका देऊ, मी तिच्या पट्ट्या करीन. आईचं नाव लिहा. गिरजाबाई सोमकुवर. दोनच शब्द हाय, पाटीत मावते."

माझ्या बाजूने सांगायचं तर मी दुरुस्ती लिहून दिली. संपादकांचं म्हणणं पडलं की घरच्यांचा दावा म्हणजे पुरावा नव्हे, न्यास मान्य करत नाही तोवर आपण निकाल देऊ नये. शेवटी वाचकांच्या पत्रांत अनसूयाबाईंच्या नावाने चार ओळी गेल्या. त्यांनी कात्रण पाहिलं आणि म्हणाल्या, "चूक पानभर, दुरुस्ती चार ओळी. तुमच्याकडे पण शेपूट कातरतातच." मी वाद घातला नाही. मला तेव्हाही वाद घालता आला असता, संपादकांशी. तोही घातला नाही.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी त्या चौकट घेऊन दालनात गेल्या आणि गालिच्यासमोरच्या बाकावर बसून काम करू लागल्या. येणारे-जाणारे विचारत, बाई काय करता? त्या सांगत, आईचं काम. मग भिंतीकडे बोट, मग शिंगाडा, मग शेपूट. त्यापुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारीही गेल्या, मग दर महिन्याला. काही महिन्यांनी दारावर सूचना लागली की अभ्यागतांनी सोबत सामान आणू नये. त्यांनी चौकट घरी ठेवली. पदरात पोत्याचा वीतभर तुकडा, दहा-बारा पट्ट्या आणि आकडा बांधून गेल्या. दारावरच्या चौकीदाराने अडवलं.

"बाई, सामान?"

"सामान कुठं हाय गा? पदर हाय. पदर काढून ठेवू का दारात?"

चौकीदाराने दार सोडलं. अठरा वर्षं सोडलं. मधल्या काळात सचिव दोनदा बदलले, पाटी एकदाही नाही.

मी त्यांच्या घरी जाऊ लागलो तो आधी बातमीसाठी, मग सवयीने. खापरखेड्याच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, निवृत्तीनंतर त्याच रस्त्यावर पुढे छोटं घर. वीज केंद्राची राख तिथे सगळ्यावर बसते, तारेवरच्या कपड्यांवर, तुळशीवर, खिडकीच्या गजांवर. "मी पांढरा गालिचा कधीच करत नाही," त्या म्हणत, "इथं पांढरा फुकट भेटते." आकडा नवऱ्याने करून दिला होता. रामचंद्र सहारे, फिटर, कमी बोलणारा माणूस. जुन्या पेचकसाचं टोक घासून त्याने त्याला मासे धरायच्या गळासारखा वाक दिला होता आणि मूठ बाभळीची बसवली होती. तो आकडा त्यांनी पन्नास वर्षं वापरला. मुठीवर अंगठ्याची खळगी पडली होती.

पोती त्या स्वतः कळमन्याच्या बाजारातून निवडून आणत. पोतं उन्हाकडे धरून विणीची भोकं पाहायची, दोन्ही हातांनी तिरकं ताणायचं, मग वास घ्यायचा. वास कशाला, असं मी विचारलं तेव्हा आतून प्रज्ञा हसली. लग्नानंतरचा पहिला गालिचा त्यांनी नवऱ्याला न विचारता, दिसायला देखण्या, घट्ट विणीच्या पोत्यावर केला होता. पोतं भिवापूरच्या मिरचीचं होतं. प्रत्येक कान ओढताना विणीतला तिखटाचा धुरळा उडे. सासूबाई, दीर, शेजारची माणसं शिंकत राहिली. कुणी म्हटलं, टाकून दे वं. यांनी नाकाला फडकं बांधलं आणि गालिचा पूर्ण केला. "टाकून काहून देऊ? पोतं चुकलं होतं, हात नाही चुकला." तो गालिचा चार वेळा धुऊनही पावसाळ्यात त्याच्यावर बसणारा माणूस शिंकतो, असं प्रज्ञा शपथेवर सांगते. मी बसलो आहे. शिंकलोही.

एकदा मी शिडाबद्दल विचारलं. ते पांढरं कापड कशाचं? पट्टी बोटाभोवती गुंडाळत त्या म्हणाल्या, "मेमच्या चादरीचं." छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेच्या दिवशी त्या दहा वर्षांच्या होत्या. मेमसाहेबांनी सुट्टी दिली नाही, गिरजाबाई तरी गेल्या, मुलीचा हात धरून, नव्या पांढऱ्या लुगड्यात. दुसऱ्या दिवशी त्याच लुगड्यात कामावर आल्या. मेमसाहेबांनी आदल्या दिवसाबद्दल काही विचारलं नाही. लुगड्याचा पदर बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, शिडासाठी असंच कापड हवं, हे दे, मी दुसरं आणून देते. गिरजाबाई नाही म्हणाल्या. "आई मेमले तोंडावर एकदाच नाही म्हणाली, तेव्हा. बाकीचे 'नाही' सारे गालिच्याच्या पाठीवर हाय. ओळी-ओळीले एक." ते लुगडं अनसूयाबाईंनी मला दाखवलं नाही. ते आहे, एवढं सांगितलं.

वसाहतीतल्या आठ-दहा बायकांना त्यांनी काम शिकवलं. अट एकच, शेपूट कातरायचं नाही. पुण्याच्या एका दुकानदाराने मोठी मागणी दिली होती, फक्त पाठ साफ हवी, टोकं कातरून द्या, असं कळवलं होतं. बायका तयार होत्या. अनसूयाबाईंनी फोन घेतला आणि सांगितलं, "मग तुम्हाले गालिचा नाही पायजे, पायपुसणं पायजे. ते बाजारात भेटते." मागणी गेली. एक-दोघी रागावल्या, महिनाभर आल्या नाहीत, पुन्हा आल्या. त्या निर्णयाबद्दल माझं मत वेगळं होतं आणि मी ते बोललो होतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, उद्या हेही कोणाच्या तरी भिंतीवर जाईन. खाली कोणाचं नाव राहीन, मले काय माहीत? नाव कातरता येते. शेपूट खाली असलं म्हणजे कोणी तरी कधी तरी उलटा करून पाहीन."

मला त्यांनी एक गालिचा दिला होता. मी तो अभ्यासिकेच्या भिंतीवर लावला. पुढच्या वेळी त्या घरी आल्या, चहा टेबलावर तसाच ठेवून खुर्चीवर चढल्या आणि गालिचा खाली उतरवला. वय तेव्हा बहात्तर. "मले भिंतीचा राग हाय," त्या म्हणाल्या. "पायाखाली टाका. मळू द्या. झटका. झटकाले उचलला, का पाठ दिसते."

शेवटची भेट दिवाळीनंतरची. त्यांना श्वासाचा त्रास वाढला होता, दालनात जाणं दोन महिने बंद होतं. चौकटीवर एक गालिचा अर्धा लागला होता. तळं, शिंगाड्याची पानं, मध्ये मोकळं पोतं. इथे जहाज येणार का, मी विचारलं. "जहाज कायले? जहाज मेमचं होतं. तलाव आमचा हाय." मग नेहमीचा प्रश्न आला. मी नेहमीचं उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली, जणू हजेरी लागली.

त्या गेल्यानंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बंगल्यात गेलो. कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही. बाकावर प्रज्ञा बसली होती. पदर नव्हता, पंजाबी ड्रेस होता. ओढणीच्या गाठीतून काढलेला पोत्याचा तुकडा तिच्या मांडीवर होता आणि हातात तो आकडा. तिचा हात आईइतका चालत नाही, कान लहान-मोठे येत होते. एक तरुण जोडपं गालिच्यापाशी थांबलं. मुलीने पाटी मोठ्याने वाचली, 'मेमसाहेबांनी स्वहस्ते केलेला...' प्रज्ञा तोंड उघडणार तोच दारातून आवाज आला. चौकीदार होता. केस पिकलेले, गणवेश न्यासाचा, छातीवर न्यासाचा बिल्ला. "तसं नाही, मॅडम. हा गिरजाबाई सोमकुवरांचा हाय. पाण्यात पाहा, शिंगाडा दिसते का? पाठीवर शेपटं हाय. मी स्वतः उतरवला होता, तेव्हा पाह्यले." मुलीने पुन्हा पाटीकडे पाहिलं. "मग पाटीवर चूक आहे?" चौकीदार म्हणाला, "पाटीवर हाय. गालिच्यावर नाही."

हा मजकूर मी अभ्यासिकेत लिहितो आहे. त्यांनी दिलेला गालिचा टेबलाखाली, पायांशी आहे. मळला आहे. डाव्या टाचेपाशी एक शेपूट जाड कापडाचं असावं, अनवाणी बसलं की तळव्याला किंचित उंचवटा लागतो. अठरा वर्षांपूर्वी पानभर छापलेल्या लेखाची दुरुस्ती आज पानभर जागेत देत आहे. सिव्हिल लाइन्समधल्या त्या दालनात टांगलेला जहाजाचा गालिचा, डावीकडचा वरचा वीतभर कोपरा वगळता, गिरजाबाई सोमकुवर यांनी केला आहे. त्यात समुद्र नाही. ज्यांना पुरावा हवा असेल, त्यांनी तो भिंतीवरून उतरवावा.